पोटातल्याचा वाटा

फुलीबाईच्या झोपडीतून धूर निघाला की गावातल्या गुजर बायका वाळवणं उचलायला धावायच्या. पापड, वड्या, धुऊन घातलेली लुगडी, सगळं आत. वारा कुठल्या अंगाचा आहे हे बघायलाही कुणी थांबत नसे. "ऊना व तिना धूर!" एवढी हाक या घराच्या धाब्यावरून त्या घराच्या धाब्यावर गेली की काम झालं. मोतीलाल पाटलाची म्हातारी आई तर धूर नाकात गेला म्हणून दुसऱ्यांदा आंघोळ करायची. मग तो धूर नुसत्या ओल्या काटक्यांचा का असेना.

शहाद्याकडचं, कळसाडीच्या पलीकडचं ते गाव. चातुर्मासात कांदा-लसूणही उंबऱ्याच्या आत न घेणाऱ्या घरांचं. अशा गावाच्या शिवेवर बसून फुलीबाईने बारा वर्षं रानडुकराचं मांस कापलं, मीठ-हळद चोळलं, धुरावर वाळवलं आणि टोपल्या भरून डोंगरावर नेलं. चोरून नव्हे, गावाच्या संमतीने. कारण ती डुकरं तिनं आणली नव्हती. ती उसानं आणली होती.

चोपन्न साली मोतीलाल पाटलाने विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं आणि कपाशी मोडून आठ एकर ऊस लावला. त्याआधी या शिवारात रानडुक्कर कुणी पाहिलं नव्हतं असं नाही. एखादं भुकेलं डुक्कर नाल्यानाल्याने खाली यायचं, भुईमूग उकरून परत जायचं. पण ऊस डोक्याएवढा झाला तसं त्यांना कळलं की इथं सावली आहे, पाणी आहे, गोड आहे, आणि मागे लागायला वाघ नाही. माहेरपणाला आल्यासारख्या डुकरिणी आल्या, उसातच व्याल्या आणि राहिल्या. पाटलाने डबे वाजवले, जाळ केले, बुजगावणी उभारली. कुणा बुवाकडून मंतरलेला नारळ आणून बांधाला बांधला. डुकरांनी नारळही खाल्ला.

त्या साली ऊसतोडीला डोंगरातल्या मोलगीच्या वरच्या एका पाड्यावरून माणसं उतरली होती. त्यांत खात्या आणि त्याची बायको फुली होती. खात्याजवळ चार कुत्री होती आणि वाघूर होती, म्हणजे डुक्कर अडकवायचं सुतळीचं जाडजूड जाळं. पाटलाने कपाळाला हात लावून सांगितलं, "मारा, कापा, खा. पन गावमाईन नेऊ नका, आन् मन्हा उंबरासमोर नाव काढू नका." बांधावर झोपडी घालायला जागा दिली. खात्या राखणदार झाला.

पहिल्याच महिन्यात एवढा मोठा नर पडला की सहा जणांना उचलेना. तोडीवरच्या सगळ्यांनी पोटभर खाल्लं तरी अर्ध्याहून जास्त उरलं. उन्हात दुसऱ्या दिवशी वास मारणार. खात्या म्हणाला, नदीत टाकू. फुलीने विळा पाजवला आणि बसून त्या मांसाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या पाडायला लागली. तिची आई डोंगरात मासळी अशी धुरावर धरायची. डुकराला हे चालेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. बांबूच्या कामट्यांचा माळा बांधला, खाली ओला जाळ धुमसत ठेवला, तीन दिवस तिथून हलली नाही. चौथ्या दिवशी पट्टी वाकवली तर काडीसारखी मोडली. तिनं तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि खात्याला म्हणाली, "आषाढ निघेल याच्यात."

आषाढ निघणं म्हणजे काय, हे सपाटीवरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. जुनं धान्य संपलेलं, नवं पेरलेलं, आणि मध्ये दोन महिने नुसता पाऊस. पाड्यावरच्या बाया डोंगर उकरून कडू कंद आणायच्या. तो तसाच खाल्ला तर माणूस मरतो. चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवायच्या, सात पाण्यांतून उकळायच्या, मग कुठे तो पोटात जातो. पोट भरतं, अंगात मात्र काही राहत नाही. त्या वर्षी पहिल्यांदा प्रत्येक चुलीवर कंदाबरोबर मूठभर वाळलेलं मांस शिजलं.

प्रत्येक चुलीवर, कारण पाड्याची रीतच तशी. शिकारीला कोण गेलं, कोण नाही, हे विचारायचं नसतं. पळसाच्या पानांवर वाटे घालायचे, जितक्या चुली तितके. एक वाटा कुत्र्यांचा. आणि गरोदर बाई असेल तर तिला दोन, एक तिचा, एक पोटातल्याचा. पोटातलं अजून दिसत नाही म्हणून त्याची भूक थोडीच थांबते? वाटे घालायचं काम फुलीकडे आलं ते तेव्हापासून. तिचा हात सरळ आहे, असं पाड्याचा कारभारी जान्याच म्हणाला. जान्या खात्याचा चुलतभाऊ. मोठ्याने हसायचा, मोठ्याने चिडायचा.

दोन वर्षं त्यांनी दिसेल ते डुक्कर मारलं. तिसऱ्या वर्षी उसात डुक्कर उरलं नाही. पाटलाने गूळ वाटला. डोंगरावर मात्र टोपल्या रिकाम्या गेल्या आणि त्या आषाढात पाड्यावरची दोन म्हातारी माणसं गेली. फुलीची सासू त्यांतली एक. सासूला पुरून आल्यावर फुली खात्याला म्हणाली, "चूक आपली आहे. आपण पोटातल्याचा वाटासुद्धा खाल्ला."

मग तिनं नियम घातला. शिकार वर्षातून एकदाच, होळी झाल्यावर पंधरा दिवसांनी, सगळा पाडा खाली उतरून. तीन बाजूंनी वाघूर लावायची, चौथी बाजू मोकळी सोडायची आणि त्या वाटेवर फुलीने स्वतः उभं राहायचं. गाभण डुकरीण, पिलांची डुकरीण आली की बाजूला व्हायचं. सुळेवाला नर आला, भाकड आली, की तीरवाल्यांना हाळी द्यायची. जान्याने आधी हसून घेतलं. "ही तर डुकरांची सुईण झाली!" पण दोन वर्षांनी नाल्यातून डुकरं परत उसात भरली, टोपल्या परत भरल्या, तेव्हा तो हसायचा थांबला. त्यानंतर पाड्यावर आषाढात भुकेनं कुणी गेलं नाही. बाकी कशाकशाने गेले.

या सगळ्यात गावातलं एकच माणूस फुलीच्या झोपडीपर्यंत यायचं, मोतीलाल पाटलाची बायको जसोदाबाई. गुऱ्हाळाच्या वेळी तिचं करंगळीशेजारचं बोट चरकात सापडून अर्धं गेलं. घरातली माणसं ओरडत पळत सुटली तेव्हा फुलीनेच चुलीतली राख आणि कसलासा पाला दाबून रक्त थांबवलं होतं. तेव्हापासून दिवाळीला, अमावास्येला जसोदाबाई पदराखाली मुठिया घेऊन यायची. पिठात गूळ घालून मुठीत दाबलेल्या, तळलेल्या. प्रत्येक मुठियावर तिच्या मुठीचा ठसा असायचा. तीन बोटांचे खळगे खोल, आणि एक अर्धाच.

"ही तुन्ही सही शे भाभी," फुली म्हणायची. "कोनी खोटी नही करू शकाव."

एकदा धुराकडे पाठ करून, पदर नाकाला लावून जसोदाबाईने विचारलं, "फुली, खरं सांग. कसं लागस व ते?"

"गोड."

"चाल, मस्करी नको करू."

"तुन्हाच ऊस खास ना ते. आपला पाटील म्हनस, डुकरं अर्धा ऊस खाई गयात. आते, त्या अर्धा ऊस आम्ही खातस. वाया काय जास?"

जसोदाबाई हसली, हसताना पदर सुटला, धूर नाकात गेला आणि घरी जाऊन तिला आंघोळ करावी लागली.

पासष्ट साली पाऊस ओढ देऊन गेला. डोंगर आधीच वाळला, म्हणून त्या वर्षी डुकरं नेहमीपेक्षा जास्त उतरली. पाटलाचा सव्वा एकर ऊस एका आठवड्यात झोपला. त्याचा सालदार भिकन पाणी धरायला गेला तर एका नराने त्याची मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाडली. भिकन दोन महिने खाटेवर होता आणि खाटेवर पडल्या पडल्या त्याला जे वर्षानुवर्षं माहीत होतं ते त्याने पाटलाला सांगून टाकलं.

"ती फुली त्यास्ले सोडी देस, पाटील. मी डोयाघाई देखं. वाटवर उभी ऱ्हास, आन् पोटवाली ऊनी का सरकी जास."

पाटील तसाच बांधावर आला. फुली धुण्याच्या दगडावर विळा घासत होती.

"फुली, तू मन्हा उसमा डुकरं पाळस का व?"

फुलीने विळा खाली ठेवला. खोटं बोलावं असं तिला सुचलं नाही. यात लपवण्यासारखं काही आहे हेच तिला आजवर वाटलं नव्हतं. "पाळत नही पाटील, राखस. तू बी बियाणं राखस ना? बठ्ठी जवारी खाई टाकी ते पेरशी काय?"

"माले डुकरं पेरानी शेतस का!" पाटील एवढ्याने ओरडला की इंजिनावरचा माणूस बाहेर आला. "बारा साल मी समजू, या डुकरं मारी ऱ्हायनात. आन् या तं मन्हा वावरमा बी धरी ऱ्हायनात!"

तो वाईट माणूस नव्हता. त्याने फुलीला हाकललं नाही, शिवी दिली नाही, झोपडी मोडली नाही. त्याने फक्त ऐकून घेतलं की ज्यांना आपण रोग घालवायला ठेवलं, त्यांचं पोट त्या रोगावर चालतं. त्यानंतर तो फुलीशी डुकरांबद्दल एक अक्षर बोलला नाही. तिथंच फुलीने सावध व्हायला हवं होतं. पण त्या दिवसांत तिचं चित्त खाली नव्हतं, वर डोंगरात होतं.

तिची लेक कमली गरोदर होती. कमलीची आधीची दोन बाळंतपणं पावसाळ्यात झाली आणि दोन्ही वेळा दूध आलं नाही, पोरं महिन्याच्या आत गेली. सुईण म्हणाली होती, हिच्या अंगात रक्त नाही, शेवटचे महिने हिला पोटभर घाला, कंदावर ठेवू नका. आणि आधीच्या पावसाने दगा दिल्याने पाड्यावर धान्य होळीलाच संपलं होतं. होळीला पाटलाचा निरोप घेऊन फुली आणि खात्या वर गेले. ढोल वाजले, पोरीबाळी नाचल्या, फुलीने मात्र कमलीची गालफडं तेवढी पाहिली. पाचव्या दिवशी ती जान्याला म्हणाली, "पंधरा दिवस थांबू नका. आताच उतरू."

"रीत मोडतेस?"

"रीत मी घातली. मीच मोडते."

तिकडे गावात सगळ्यांना ठाऊक होतं की डोंगरातली माणसं होळीला गेली की पंधरा दिवस फिरकत नाहीत. बारा वर्षांत कधी फिरकली नव्हती.

अकरा माणसं तीन दिवस चालून सकाळी उसापाशी पोहोचली. आदल्या दुपारपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. आणि नाल्याच्या काठाने, बांधाच्या सावलीत, उसाच्या सरींत डुकरं पडलेली होती. एक नाही, दोन नाही. नर, माद्या, पिलं. काही अजून ऊन होती.

"याहा मोगी पावली!" देवीचं नाव घेत जान्या गुडघ्यांवर बसला. "एकही तीर न सोडता!"

फुलीच्या नजरेला आधी कावळे पडले. डुकरांभोवती तेही पडलेले होते, चोच उघडी टाकून. ती ओरडेपर्यंत खात्याच्या दोन कुत्र्यांनी एका पिलाचं पोट फोडलं होतं. मांस कापून शिजेपर्यंत माणसांना थांबवता येतं, कुत्र्यांना कोण थांबवणार? थोड्या वेळाने एक कुत्रं गोल फिरायला लागलं. मग पाय ताठ करून पडलं, तोंडातून फेस आला. दुसरं नाल्याकडे पळालं, पाण्यापर्यंत पोहोचलं नाही.

मोठ्या डुकरिणीच्या जबड्याजवळ काहीतरी पिवळसर पडलं होतं. फुलीने काटकीने उलटवलं. पिठाची मुठिया होती, कच्ची. गुळाचा वास येत होता आणि त्याखाली दुसरा, कपाशीवर फवारायच्या औषधाचा. वर तीन खळगे खोल होते आणि एक अर्धा.

ती तिथंच बसली. उठली तेव्हा जान्या सुरी काढून डुकरिणीची मांडी सोडवत होता.

"हात लावू नकोस. विष आहे."

"असेल. धुऊ." जान्याने मान वर केली नाही. "कडू कंदात विष नसतं का? वाहत्या पाण्यात ठेवू, सात पाण्यांतून काढू. तूच माझ्या बायकोला शिकवलंस."

"ते जमिनीतलं विष. हे डब्यातलं. हे पाण्याने निघत नाही."

"तू करून बघितलंस?"

अकरा भुकेली माणसं तिच्याकडे बघत होती, आणि समोर चार पावसाळे पुरेल इतकं मांस. जान्याचा आवाज चढला. "बारा वर्षं वाटे तुझ्या हातात. आज डुक्कर आपोआप पडलं, तुझी वाट नको, तुझी हाळी नको, म्हणून तुला पचत नाही!"

फुलीने पाठ फिरवली. ती इंजिनाच्या खोपीत गेली. तिथलं तेलाचं पिंप तिरपं करून डबा भरला आणि येऊन डुकरिणीवर ओतला. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. पुन्हा भरला. तेल लागलेलं मांस कुत्रंही खात नाही, धुतलं तरी वास जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जान्याने तिचा हात धरला तेव्हा खात्या पहिल्यांदा मध्ये आला. मेलेलं कुत्रं त्याने दोन्ही हातांवर आणलं होतं. ते त्याने जान्याच्या पायाशी ठेवलं. जान्याने सुरी खाली टाकली, पण फुलीकडे पुन्हा पाहिलं नाही. त्या दिवशीच नव्हे, पुढेही नाही.

बारा वर्षं धुरावर मांस टिकवणाऱ्या बाईने दिवसभर मांस जाळलं. गावात वाळवणं कुणी उचलली नाहीत. धूर इतका होता की उचलून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जसोदाबाई बांधावर आली. डोक्यावर पाटी होती. ज्वारीचं पीठ, गुळाची ढेप, तुपाचा डबा. पाटी उतरवून ती उभी राहिली. फुलीने बस म्हटलं नाही.

"तुम्ही पंधरा दिन येतस नही ना," जसोदाबाई म्हणाली. "मालक बोलनात, तोवर बठ्ठं उचली लेसूत. कोनले समजाव बी नही."

"तुन्ही बोटं देखी मी."

जसोदाबाईने हात पदराखाली घेतला.

"त्यास्नी सांगं, मी मळं. घरमा कोन नही म्हनस?"

फुलीने काटकीने राख उकरली. "मळतांना मन्ही याद ऊनी का, भाभी?"

जसोदाबाईला नाही म्हणता आलं असतं. "ऊनी," ती म्हणाली.

पाटी उचलून नाल्यात फेकावी, असं फुलीला वाटलं. हातही गेले. पण त्या पाटीत जे होतं ते कमलीला दोन महिने पुरलं असतं, आणि कमलीच्या पोटात होतं त्याला जसोदाबाईशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं चूल पेटवली. त्याच पिठाची भाकर थापली, वर गूळ घातला, तुपाचं बोट फिरवलं आणि जसोदाबाईच्या देखत एकटीने खाल्ली. मग पाठ टेकून बसली.

"काय करी ऱ्हायनी?" जसोदाबाईने विचारलं.

"वाट देखस."

कशाची, ते जसोदाबाईला कळायला क्षण लागला. कळलं तेव्हा तिला निघून जाता आलं असतं. ती गेली नाही. ऊन डोक्यावर येऊन कलेपर्यंत दोघी समोरासमोर बसून राहिल्या. फुलीला काही झालं नाही. संध्याकाळी तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि डोंगराची वाट धरली.

त्या आषाढात पाड्यावर वाटे पडले नाहीत. फुलीने पाटीतल्या पिठाचे दोनच वाटे घातले, दोन्ही कमलीच्या ताटात. त्यावरूनही लोक बोलले. श्रावणात कमलीला मुलगी झाली आणि जगली. जान्याची आई जगली नाही. फुली त्या मातीला गेली तर बायकांनी तिला बसायला जागा दिली नाही.

पाटलाला आता राखणदार नको होता. पुढच्या साली त्याने बांधावरची झोपडी काढायला सांगितली, तीही गोडीने. त्याच्या उसात डुक्कर पुन्हा दिसलं नाही. फुली मग इतर मजुरांसारखी तोडीला तेवढी यायची, नातीला पाठीशी बांधून. दिवाळीला जसोदाबाई अजूनही मुठिया आणायची, फुली अजूनही घ्यायची. घेतली की आधी एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकायची आणि बसून राहायची. नात हात पसरून रडायची. फुली हलायची नाही. सावली वीतभर सरकली की मग उरलेली मुठिया पोरीच्या हातात. जसोदाबाई तेवढा वेळ उभी असायची. एकदाही म्हणाली नाही, की पुरे आता.

पोर तीन वर्षांची झाली तेव्हा तिचं रडणं थांबलं. त्या दिवाळीला जसोदाबाईने मुठिया थेट तिच्याच हातात दिली. पोरीने ती उलटसुलट पाहिली, एक तुकडा मोडला, आजीच्या तोंडात घातला आणि मांडी घालून शहाण्यासारखी वाट बघत बसली. खायची रीतच अशी असते, असं तिला वाटत होतं.